बुद्धाआधीच्या यज्ञात वर्ण नेमका कुठे आडवा यायचा?

तळटीप (प्रश्न)
पुरुषसूक्तातली ऋचा सांगितली की बहुतेक लेख संपतात: मुखापासून ब्राह्मण, पायांपासून शूद्र. मला प्रत्यक्ष कर्मातलं हवं आहे. अग्नी ठेवताना, दूध काढताना, कांडताना वर्णामुळे काय बदलायचं? आणि चार खणांत न बसणारे रथकार, निषाद यांचं काय? मनुस्मृती नको, ती बरीच नंतरची. ब्राह्मणग्रंथ (वेदांतले यज्ञाचं विवरण करणारे ग्रंथ) आणि श्रौतसूत्रं (यज्ञविधींचे नियमग्रंथ) यांच्यापुरतं सांगा.

खडूफळा
अग्न्याधानापासून, म्हणजे यज्ञाचे अग्नी पहिल्यांदा ठेवण्यापासून, धरा. तैत्तिरीय ब्राह्मणात ऋतू ठरलेले आहेत: ब्राह्मणाने वसंतात अग्नी ठेवायचे, राजन्याने (क्षत्रियाने) ग्रीष्मात, वैश्याने शरदात.

पुढचा फरक जमिनीवर मोजता येतो. पश्चिमेला गार्हपत्य अग्नीचं गोल कुंड, पूर्वेला आहवनीय, म्हणजे आहुतीच्या अग्नीचं चौकोनी. बौधायन शुल्बसूत्रात (यज्ञभूमीच्या मोजमापाचा ग्रंथ) या दोघांतलं अंतर ब्राह्मणाला ८ प्रक्रम, राजन्याला ११, वैश्याला १२. प्रक्रम म्हणजे दोन पदं, पद १५ अंगुळांचं. अंगुळ साधारण पाऊण इंच धरला तर अंतरं होतात सुमारे साडेचार, सव्वासहा आणि पावणेसात मीटर.

हे आकडे आले छंदांतून. गायत्रीच्या चरणात ८ अक्षरं, त्रिष्टुभात ११, जगतीत १२. आणि गायत्री ब्राह्मणाची, त्रिष्टुभ् राजन्याचा, जगती वैश्याची अशी जोडी लावलेली. मुंजीची वयंही तीच: आठवं, अकरावं, बारावं वर्ष. शूद्राला मुंज नाही आणि अग्नीही नाही.

मुंजगवत
उत्तर चांगलं आहे, पण दोन थर एकात मिसळलेत. श्रौतसूत्रांत बौधायन जुना, तरी सगळी सूत्रं बुद्धपूर्व धरता येत नाहीत. काही बुद्धाच्या काळातली, काही नंतरची. ब्राह्मणग्रंथ मात्र निःसंशय आधीच्या थरातले.

आणि गंमत तिथेच आहे. शतपथ ब्राह्मणाच्या पहिल्या कांडात ८, ११, १२ पावलं आहेत, छंदही आहेत, पण त्या ठिकाणी वर्णांची नावं नाहीत. उलट पुढे म्हटलंय की इथे ठराविक माप असं नाही, मनाला योग्य वाटेल तिथे आहवनीय ठेवावा. ज्याला मोकळीक होती, ते सूत्रात वर्णाचं माप झालं. 'वैदिक काळात असं होतं' असं सरसकट लिहिणारे नेमकं इथे फसतात.

कांडणाचंही त्याच कांडात आहे. पुरोडाशाचं (आहुतीच्या रोटीचं) धान्य कांडायच्या वेळी अध्वर्यू (प्रत्यक्ष कर्म करणारा पुरोहित) 'हविष्कृत्, ये' अशी तीनदा हाक मारतो; हविष्कृत् म्हणजे हवी, आहुतीचं द्रव्य, तयार करणारा. हाकेची रूपं वर्णाप्रमाणे वेगळी दिली आहेत: ब्राह्मणाला 'एहि', वैश्य आणि राजन्यबंधूला 'आगहि' आणि 'आद्रव', शूद्राला 'आधाव'. म्हणजे एकाला 'ये', दुसऱ्याला 'धाव'! पण लगेच पुढे निर्णय असा की यज्ञात सगळीकडे 'एहि'च म्हणावं, कारण ते बोलणं सर्वांत शांत. पूर्वी या हाकेला यजमानाची बायकोच उठायची, हेही तिथेच नोंदवलंय.

तळटीप
'आधाव' कुणाला म्हणायचं हे सांगावं लागतं म्हणजे शूद्र आसपास कामाला होताच. मग दुधाचं काय?

अर्धपान
दुधाचा नियम तैत्तिरीय ब्राह्मणातच आहे आणि तो पूर्ण वाचायला हवा. सुरुवात कडक: शूद्राने काढलेलं दूध हवी होत नाही, असं लोक म्हणतात. मग लगेच सवलत: अग्निहोत्राचं दूध तेवढं शूद्राने काढू नये, कारण ते गाळत नाहीत. अमावास्येच्या सान्नाय्याचं (दूध-दह्याच्या आहुतीचं) दूध दर्भाच्या पवित्रातून (गाळणीतून) ओततात, आणि पवित्रातून गेलं की ते हवी होतं. अर्धंच वाक्य उचलून 'शूद्राला यज्ञाच्या गाईला हात लावू देत नसत' असं लिहिणं चूक. रोजच्या अग्निहोत्रात बंदी, सान्नाय्यात गाळणीने प्रश्न सुटला.

आता रथकार. सूत्रांत त्याचं आधान वर्षा ऋतूत. त्याच्यासाठी मंत्रही वेगळा, ऋभूंच्या नावाचा. ऋभू म्हणजे इंद्राचे घोडे आणि अश्विनांचा रथ घडवणारे देवांचे कारागीर. रथ करणाऱ्याशिवाय राजाचं चालत नव्हतं, हे उघड कारण मला पटतं. नंतर मीमांसकांना (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्यांना) हे अडचणीचं झालं. रथ बनवणारा कुणीही द्विज म्हणजे रथकार, असा अर्थ काढून सुटका होत होती. ती त्यांनी घेतली नाही. रूढ अर्थ व्युत्पत्तीपेक्षा बळकट, म्हणून रथकार ही वेगळी जातच, असं ठरवलं.

निषादस्थपतीचंही तसंच. समास कसा सोडवायचा? 'निषादांचा प्रमुख' म्हटलं तर तो क्षत्रियही असू शकतो. 'निषाद असलेला प्रमुख' म्हटलं तर यजमान स्वतः निषाद. मीमांसेने दुसरा अर्थ घेतला. त्याच्या वाट्याला रुद्राची एक इष्टी (छोटा यज्ञ) येते. त्याने आधान केलेलं नसतं, म्हणून ती लौकिक (साध्या, रोजच्या) अग्नीवर.

मुंजगवत
दक्षिणा राहिली. सोमयागात १६ ऋत्विज (यज्ञ करवणारे पुरोहित), चार-चारांचे चार गट. शंभर गाई असतील तर प्रत्येक गटाला २५: मुख्याला १२, अर्धीला ६, तृतीयीला ४, पादीला ३. म्हणजे 'होता' (ऋचा म्हणणारा मुख्य ऋत्विज) १२ गाई नेणार आणि त्याच्याच गटातला ग्रावस्तुत ३. इथे तर सगळे ब्राह्मणच.

तळटीप
धन्यवाद. दुधाचं वाक्य मीही अर्धंच वाचलं होतं.