मदत हवी आहे: सफाई कामगारांचा पीएफ आणि लेखापरीक्षणातला आक्षेप

जळगाव जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत ४० कंत्राटी सफाई कामगार आहेत, मूळ पगार १२,००० रुपये. मालकाचा वाटा १३ टक्के (१२ टक्के वर्गणी, अर्धा टक्का विमा, अर्धा टक्का प्रशासकीय शुल्क), म्हणजे माणशी १,५६० रुपये. ठेकेदार तो बिलात लावतो, पालिका देते. कामगाराच्या पगारातून १,४४० वेगळे कापले जातात. पासबुकात मात्र बऱ्याच जणांचे महिनेच्या महिने कोरे आहेत.

बिलाला पीएफ भरल्याचं चलान जोडलेलं असतं, पण त्यात फक्त एकूण रक्कम असते. एकाच ठेकेदाराची कामं धुळ्यात, नंदुरबारलाही असली की दुसरीकडच्या माणसांचं चलान इथे खपून जातं. खरं काय ते ईसीआरमधल्या (ठेकेदार पीएफ कार्यालयाला ऑनलाइन भरतो ते महिन्याचं विवरण) नावांच्या यादीतून कळतं. ती हजेरीपटाशी नावागणिक ताडल्याशिवाय बिल मंजूरच होऊ नये.

माहिती अधिकारात ईसीआर मागितली तर 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार मिळाला. कलम १० प्रमाणे यूएएन (कामगाराचा पीएफचा क्रमांक) झाकून नावं आणि रकमा द्या, असं पहिल्या अपिलात मांडायचं आहे; मुदत ३० दिवसांची. कोणाकडे असा आदेश आहे का?

दुसरं, स्थानिक निधी लेखापरीक्षणात (पालिकेच्या हिशेबांची सरकारी तपासणी) हा मुद्दा आक्षेप म्हणून यावा यासाठी अर्ज कोणाला आणि कधी द्यायचा? विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्हा परिषदा, पंचायत समित्या बघते. मग नगरपालिकेचा आक्षेप विधिमंडळाच्या कोणत्या समितीपुढे जातो? की थेट विनंती अर्ज समितीकडे जावं? कोणी हे केलं असेल तर अर्जाचा नमुना टाका, कामगारांचे कष्टाचे पैसे आहेत.