‘चाचणी नाणे’ बरोबर आहे का?

गोदाकाठची: एका संग्राहकाच्या नाण्यांचं मराठी माहितीपत्रक करते आहे. अमेरिकेच्या 1974 च्या ॲल्युमिनियमच्या सेंटपाशी अडले. तांबं महागलं म्हणून 15 लाखांहून जास्त पाडले, व्यवहारात आणलेच नाहीत, जवळजवळ सगळे वितळवले. मी ‘चाचणी नाणे’ लिहिलं. सराफ बाजारातले ओळखीचे काका म्हणाले, “चाचणी नाण्याची करतात, नाणं चाचणी कसं असेल?” तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

पंचवटीकर: ‘नमुना नाणे’ लिहा, कुणालाही कळेल.

गोदाकाठची: नमुना म्हणजे मंजुरीसाठी दाखवायला केलेलं. ठसा नीट उठतो का, धातू कसा वागतो हे बघायला पाडलेलं वेगळं ना? मला दोन शब्द हवेत.

नाशिकरोडकर: वडील नोटांच्या प्रेसमध्ये होते. आमच्या घरी ‘प्रूफ’ म्हणजे तपासायला काढलेला कागद. नाणेवाल्यांचं ‘प्रूफ’ म्हणजे संग्रहासाठी मुद्दाम पाडलेलं चकचकीत नाणं. तो शब्द इथे अजिबात घेऊ नका, घोटाळा होईल.

जुना वाचक: संग्राहक ‘पॅटर्न’च म्हणतात. तेच लिहा. ‘शिक्का’ तरी कुठे आपला होता?

शब्दवेडा: मराठीत ‘नाणावणे’ हे क्रियापद असताना पॅटर्न कशाला? नाणावलेला म्हणजे पारखून सिद्ध झालेला. मग हे ‘अनाणावलेलं’ म्हणा.

जुना वाचक: नाणावलेला गायक म्हणजे नामांकित गायक. वाचकाला अप्रसिद्ध नाणं वाटेल. शब्द वापरात असावा लागतो हो, घडवून चालत नाही.

शब्दवेडा: वापरल्याशिवाय वापरात येणार कसा?

पंचवटीकर: 1911 च्या रुपयाचं काय? पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, म्हणून उरलेले रुपये वितळवले. पण थोडे वाटले गेले होते. त्याला काय म्हणाल?

नाशिकरोडकर: ते चलनात आलं, मग मागे घेतलं. ह्या सेंटशी त्याचा संबंध नाही.

शब्दवेडा: टांकसाळ ‘टंकशाला’वरून आली. देवघरातला टाकही त्याच टंकाचा असणार.

जुना वाचक: असणार म्हणून होत नाही. आधार द्या.

चांदवडची लेक: आधार नाही, आठवण आहे. चांदवडला टांकसाळ होती, तिथला चांदवडी रुपया. आमचे टाक तसेच रुपये आटवून केलेत, असं आजी सांगायची. वाजवून बघितल्याशिवाय ती रुपया घेत नसे. बद्द वाजला की परत.

शब्दवेडा: ‘बद्द’! हा शब्द किती वर्षांनी ऐकला. अजून कोण म्हणतं?