एमयूआयच्या फॉर्ममध्ये एक अक्षर टाइप केलं की फोकस जातोय

प्रश्न: रिअ‍ॅक्टमध्ये एमयूआयचं (रिअ‍ॅक्ट या वेबपेज बनवायच्या लायब्ररीसाठीचा तयार बटणं-फील्डांचा संच) टेक्स्टफील्ड वापरून फॉर्म करतोय, पण एक अक्षर टाइप केलं की कर्सर गायब, परत क्लिक करा मग दुसरं अक्षर, दोन दिवस डोकं आपटतोय. काय झोल आहे?

रिप्लाय: फील्डचा कंपोनंट (स्क्रीनचा तो तुकडा बनवणारं फंक्शन) फॉर्मच्या फंक्शनच्या आतच लिहिलायस का? मग दर रेंडरला, म्हणजे फॉर्म परत काढताना, रिअ‍ॅक्टला तो नवाच वाटतो, जुना इनपुट काढून नवा लावतो, फोकस कसा टिकणार. बाहेर काढ.

रिप्लाय: नाहीतर 'की'मध्ये (रिअ‍ॅक्ट घटक ओळखतो ती खूण) मॅथ रँडम, म्हणजे दर वेळी नवा आकडा, दिलं असशील, मी पण हा शहाणपणा केलेला 😀

प्रश्नकर्ता: आतच होता राव! चाललं. आता कन्सोलमध्ये अनकंट्रोल्डची (फील्डची व्हॅल्यू आधी रिअ‍ॅक्टच्या ताब्यात नव्हती अशी) वॉर्निंग येतेय.

रिप्लाय: सुरुवातीला व्हॅल्यू अनडिफाइंड (काही ठरलेलीच नाही अशी) जातेय, यूजस्टेटमध्ये (व्हॅल्यू साठवायची रिअ‍ॅक्टची सोय) रिकामी स्ट्रिंग दे.