मदत हवी आहे : बालपणातील लैंगिक अत्याचारानंतरचे उपचार (बेळगाव परिसर)

नमस्कार. माझे माहेर खानापूर तालुक्यातले असून लग्नानंतर मी बेळगावात राहते. लहानपणी नात्यातील एका वडीलधाऱ्या माणसाने माझ्यावर लैंगिक अत्याचार केले. शिक्षण, नोकरी आणि संसार यांत ते सारे मागे पडले असे मला वाटत होते. परंतु माझी मुलगी त्याच वयाची झाल्यापासून मी रात्री दचकून जागी होते, छाती धडधडते, आणि पतींनी सहज खांद्यावर हात ठेवला तरी अंग आकसते. त्यांना मी सर्व सांगितले आहे व ते माझ्या पाठीशी आहेत.

आई मात्र ‘झालं गेलं, आता भावकीत बोभाटा नको’ म्हणते. तिची भीती मला समजते, पण तो माणूस आजही गणपतीला घरी येतो आणि लहान मुली त्याच्याभोवती खेळतात, हे मला सहन होत नाही. माझ्या मुलीला मी त्याच्याजवळ एकटी सोडत नाही; भावजयांना सावध कसे करावे, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

एका रात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता आले, त्याने धीर आला. आता नियमित उपचार हवेत. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तन उपचार (विचार व वागणूक यांवर काम करणारी सीबीटी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आघाताच्या आठवणींवर केला जाणारा उपचार) या दोन पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली आहे, एवढे मी वाचले आहे. त्यांचे प्रशिक्षण घेतलेले, शक्यतो स्त्री समुपदेशक बेळगावात आहेत का? धारवाडच्या डिम्हान्स या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत जाण्याचीही माझी तयारी आहे, परंतु कामापुरते कन्नड येत असले तरी हे दुःख मला मराठीतूनच सांगता येईल. तेथे तशी सोय होते का? पहिल्याच भेटीत सगळे तपशील सांगावे लागतात का, याची मला सर्वांत जास्त धास्ती आहे.

वकील मंडळींना एक विचारायचे आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ मात्र अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक करते. माझ्याबाबतीत घडले ते २०१२ च्या या कायद्यापूर्वीचे आहे. मग समुपदेशकाला त्या माणसाचे नाव सांगितल्यास ते गोपनीय राहील का, आणि मी स्वतः तक्रार द्यायचे ठरवले तर ती आज घेतली जाईल का?

ज्यांनी असे उपचार घेतले आहेत त्यांनी, शक्य असल्यास, व्यक्तिगत संदेशातून लिहावे.