वरच्या मजल्यावर वायफाय पोचत नाही, ॲक्सेस पॉइंट (केबलने जोडून वायफाय देणारा) लावू की रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारा)?

राउटर खाली हॉलमध्ये आहे, वर मागच्या खोलीत जेमतेम एक कांडी दिसते आणि व्हिडिओ कॉल सारखा अडकतो. एक जुना राउटर पडून आहे, तो वापरता येईल का?

उत्तर १:
येईल की, ॲक्सेस पॉइंट म्हणून! आधी त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी वाटणारी सोय) बंद करा, आयपी (नेटवर्कमधला पत्ता) बदला, म्हणजे मेन राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, आणि मेन राउटरकडून येणारी केबल याच्या वॅन पोर्टात (बाहेरून इंटरनेट घेण्याचं) नाही, लॅन पोर्टात (घरातली उपकरणं जोडण्याचं) लावा, इथेच बहुतेक जण चुकतात. केबल १०० मीटरपर्यंत आरामात चालते. रिपीटर शक्यतो नकोच, एकाच रेडिओवर घेणं-देणं दोन्ही करतो त्यामुळे स्पीड जवळपास निम्मा होतो.

उत्तर २:
सहमत. नाव-पासवर्ड दोन्हीकडे सेम ठेवा, पण २.४ गिगाहर्ट्झ वायफायचे चॅनल वेगळे (म्हणजे एकमेकांत अडथळा येत नाही), एकाला १ दुसऱ्याला ६ किंवा ११. आणि तो त्याच खोलीत कोंबू नका, जिन्याजवळ उंचावर लावा, आमच्याकडे लोखंडी कपाटामागे होता तेव्हा काही उपयोग नव्हता, तिथून काढल्यावर लगेच फरक पडला.

प्रश्नकर्ता:
झालं! केबल वॅनमध्येच होती माझी 🙏 आता कॉल मस्त चालतोय, मनापासून आभार दोघांचे.