पेनड्राइव्हच्या दुकानाला विंडोज, मॅक की लिनक्स?

डीटीपी_कराड: माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. ॲडमिशनच्या दिवसांत सकाळपासून लोकांचे पेनड्राइव्ह लावतो. परवा एका पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडून प्रिंट काढून नेलेल्या पोरांची तीच तक्रार. दोन्ही मशीन विंडोज १० आहेत. पत्रिका, फ्लेक्सची कामं कोरल आणि श्रीलिपीत करतो. पुतण्या म्हणतो मॅक घ्या, त्याला व्हायरस येतच नाही. खरं आहे का?

मॅकप्रेमी: घेऊन टाका. मी कधी अँटिव्हायरस टाकलेला नाही, काही झालं नाही.

हार्डवेअरवाला_मिरज: "येतच नाही" हे खरं नाही. २०१२ साली फ्लॅशबॅक नावाच्या घातक प्रोग्रामने जावा या सॉफ्टवेअरमधल्या फटीतून सहा लाखांच्या आसपास मॅक ताब्यात घेतले होते. २०१६ मध्ये ट्रान्समिशन या टोरेंट (फाइल उतरवायच्या) ॲपच्या अधिकृत साइटवरूनच की-रेंजर हे रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) लोकांच्या मॅकवर उतरलं. हल्ली तर फुकट ॲपच्या नावाखाली पासवर्ड चोरणारे प्रोग्राम येतात. ते तुमच्याकडूनच टर्मिनलमध्ये (मॅकला थेट हुकूम टाइप करायच्या खिडकीत) एक ओळ पेस्ट करून घेतात. तुम्ही स्वतः परवानगी दिलीत की मॅक तरी काय करणार?

विंडोजवर हल्ले जास्त होतात, कारण वापरणारे जास्त. पण मला खरा राग आहे तो अपडेट बंद करून ठेवण्याचा. वॉनाक्राय हे रॅन्समवेअर मे २०१७ मध्ये पसरलं, ती फट बुजवणारा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या हा तसाच घातक प्रोग्राम आला आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम खोळंबलं. तुमच्या विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलेत, तेव्हा आधी त्याची सोय लावा.

आता तुमचा शॉर्टकटवाला. तो खरा फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट समोर ठेवतो. गिऱ्हाइकाने डबल-क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डर उघडतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. तोच पेनड्राइव्ह लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) लावून बघा: लपवलेला फोल्डर सरळ दिसतो (कधी कधी बिननावाचा असतो, घाबरू नका), आणि शेजारी .lnk फाइल, म्हणजे तो शॉर्टकट, निपचित पडलेली असते. विंडोजचा शॉर्टकट तिथे चालतच नाही.

म्हणून माझं मत असं: जुन्या मशीनवर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून ते काउंटरवर ठेवा. पेनड्राइव्ह फक्त तिथेच लावायचे, पीडीएफची प्रिंट तिथूनच काढायची. कोरल-श्रीलिपीसाठी दुसरं विंडोज राहू द्या, डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) चालू आणि सगळं लायसन्सचं. क्रॅक केलेलं कोरल असेल तर आजच काढा, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मशीन त्याच वाटेने बिघडलेल्या असतात.

डीटीपी_कराड: लिनक्स कुठून उतरवू? आणि त्याला खरंच काही होत नाही?

हार्डवेअरवाला_मिरज: होतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटचीच साइट हॅक झाली आणि काही लोकांनी बॅकडोअर (हॅकरसाठी चोरदरवाजा) असलेली आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, उतरवली. त्यामुळे अधिकृत साइटवरूनच घ्या, पण तरीही इन्स्टॉल करण्याआधी चेकसम (फाइल मूळचीच आहे का हे तपासायचा आकडा) जुळवा, आणि पुढचं प्रत्येक सॉफ्टवेअर मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच टाका. एक मात्र लक्षात ठेवा. लिनक्सवर व्हायरस चालला नाही तरी तो पेनड्राइव्हमध्ये तसाच राहतो आणि पोरगं घरी जाऊन विंडोजला लावतं. परत देताना ते शॉर्टकट काढून टाका आणि त्याला तसं सांगा.