कविता चांगली आहे, पण... (आपापले अनुभव टाका)

संत्राबर्फी
मंडळी, परवा नागपुरात शंकरनगरला आमच्या कवितावाल्या टोळीचा चहा झाला, त्यात विषय निघाला की आजपर्यंत आपल्या कवितेवर सगळ्यात खरं कोण बोललं आणि ते ऐकून आपण काय केलं. हसून हसून पुरेवाट झाली, एकदोघं गप्पही झाले. म्हटलं इथे सगळ्यांनाच विचारावं.

सुरुवात माझ्यापासून. पावसावर पाच कडव्यांची कविता टाकली होती. वाह, क्या बात, गुलाबाची फुलं, हात जोडलेले, सगळं रीतसर आलं. मग वीज खात्यातून रिटायर झालेले आमचे एक काका आहेत, त्यांनी लिहिलं, "ताई, कविता तिसऱ्या कडव्यातच घरी पोचली. पुढची दोन कडवी ती दारात उभी राहून चपला शोधून राहिली." मी मोबाईल उलटा ठेवून दिला आणि त्या रागात कुकरच्या चार शिट्ट्या जास्त झाल्या, भाताची पेज. रात्री परत वाचली तर काका बरोबर होते, पण ते त्यांना सांगायला मला आठ दिवस लागले.

आता तुम्ही.

लगागा
माझा किस्सा जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी गझल शिकत होतो म्हणजे भुजंगप्रयात वृत्त नुकतं हाती लागलं होतं, लगागा (लघु, गुरू, गुरू) चार वेळा, बारा अक्षरं, वीस मात्रा. गाडी चालवतानासुद्धा लगागा. सिग्नलला थांबलो की हँडलवर बोटं. तर मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, लिहिला,

तुझ्या आठवांनी मला जाग आली
उन्हाळ्यात रात्री विजेविना गेली

आणि मोठ्या ऐटीत टोळीत टाकला. पहिला प्रतिसाद, "दुसरी ओळ लंगडते भाऊ, विजेविना नाही बसत, विजेवीण कर." मोजलं. वि-जे-वी, ण-गे-ली, बसलं! मी खूश. तेवढ्यात दुसरा आला, "अरे पण अलामत कुठे गेली बे? आलीच्या ली आधी आ आहे अन् गेलीच्या ली आधी ए. मतल्यातच स्वर सोडला तर पुढच्या शेरांनी काय धरायचं?" झालं. सुरेश भटांनी नवशिक्यांसाठी गझलेची बाराखडी लिहून ठेवली ती याच्याचसाठी, आणि ती माझ्या टेबलावरच होती, वरती चहाचा कप ठेवून.

खरी मजा पुढे. आमच्यात एक दंतवैद्य मॅडम आहेत, एरवी महिनोन्महिने काही बोलत नाहीत. त्यांनी दहा मिनिटांत हे टाकलं,

मला डास चावून ही जाग आली
उगा आठवांची तुझ्या बोंब झाली

मोजून बघा. एक मात्रा इकडची तिकडे नाही, अलामतही जागेवर. माझी टिंगल माझ्याच वृत्तात आणि माझ्यापेक्षा शुद्ध. तीन दिवस मला लोक भेटले की "डास कसे आहेत" विचारायचे. पण अलामत जी डोक्यात बसली ती त्या डासानेच बसवली, पुस्तक तर वर्षभर घरात होतं.

तर्री जास्त
हाहाहा तो डासवाला शेर आमच्या ऑफिसात पण फिरून राहिला होता, तो तुमचा होता का??

माझा छोटासाच. समुद्रावर लय लिहायचो. गाज, क्षितिज, ओली वाळू, शिंपले. एका मैत्रिणीने विचारलं, "समुद्र किती वेळा पाहिला?" म्हटलं दोनदा, एकदा शाळेच्या सहलीत. म्हणे, "आणि फुटाळा?" फुटाळा तलाव तर रोजचाच ना. "मग फुटाळ्यावर एक ओळ लिहून दाखव." बसलो लिहायला तर सुचेचना. कणीस भाजणाऱ्या बाईच्या पंख्याचा आवाज कसा येतो, तेही आठवेना, वीस वर्षं ऐकून. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो ऐकायला. कणसं तीन खाल्ली, ओळ झाली नाही.

झिरो माईल
मी दुसऱ्या बाजूचा अनुभव टाकतो, म्हणजे मी स्वतः कसा चुकलो त्याचा. लिहू की नको असं झालं होतं.

काटोलकडची एक मुलगी आमच्यात नवीन आली होती, कॉलेजात शिकणारी. तिने कापसावर कविता टाकली. त्यात "बाप म्हने मले, औंदा पऱ्हाटी गेली" अशी ओळ होती. मी त्या काळात सगळ्यांचं शुद्धलेखन तपासायचा मक्ता घेतल्यासारखा वागायचो. मी लाल अक्षरांत दुरुस्त करून पाठवली: म्हणे, मला, यंदा, कपाशी. वर एक ओळ, "आशय उत्तम, भाषा सांभाळा." आता आठवलं की लाज वाटते. ती म्हणाली "हो दादा, बरोबर आहे तुमचं" आणि सुधारून परत टाकली. चार जणांनी छान म्हटलं. त्यानंतर तिने काही टाकलंच नाही, आम्हाला वाटलं परीक्षा असेल.

संक्रांतीच्या सुमारास एकाच्या गच्चीवर बसलो होतो, ती पण आली होती. कोणीतरी आग्रह केला तर तिने तीच कविता म्हटली. मूळची. "मले" म्हणताना तिचा आवाज थोडा खाली जायचा, बाप बोलून राहिला आहे हे त्या एका शब्दात कळत होतं. माझ्या दुरुस्त केलेल्या कवितेत बाप नव्हताच हो, बातमी होती. आणि गंमत बघा, मी स्वतः घरी आईशी बोलताना "मले" आणि "तुले"च बोलतो, इथे फोनवर बोटं लागली की पुण्याचा होतो.

मी तिथेच माफी मागितली. ती हसली, म्हणाली "दादा, मी ती दुरुस्तीवाली मराठीच्या सरांना दिली, दहापैकी आठ भेटले." आता यावर काय बोलायचं.

कूलरची हवा
@झिरो माईल, आठ मार्क तुमचे, कविता तिची 😄

मी कबूल करते की मी "वाह" टाकणाऱ्यांपैकी आहे. न वाचता टाकते. सकाळी डबे करताना सात कविता आलेल्या असतात, कोणाला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांना एकेक वाह. एकदा एकाने कवितेच्या मधोमध लिहिलं होतं "इथपर्यंत कोणी वाचत असेल तर मला फोन करा, समोसे देतो", आणि खाली माझं "वाह, शेवट अप्रतिम!" अजूनही समोसा समोर आला की ऐकवतात.

बुटीबोरी लोकल
ग्रेसचा (म्हणजे कवी माणिक गोडघाट्यांचा) ताप कोणी सांगितला नाही अजून? नागपूरच्या प्रत्येक कवीला विशीत येतोच. मला दीड वर्ष होता. संध्याकाळ, घंटा, दुःख, चर्च, पारवे... मला स्वतःलाही अर्थ लागायचा नाही, पण लिहिताना अंगावर काटा यायचा. एका मोठ्या बहिणीसारख्या कवयित्रीने सगळं शांतपणे वाचलं आणि विचारलं, "तू शेवटचा कधी रडलास?" म्हटलं बारावीला, गणितात. म्हणाली, "मग गणितावर लिही. हे दुःख माणिक गोडघाट्यांचं आहे, त्यांना परत करून ये."

लागलं. पण बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू. गणितावरची कविता छापून आली नंतर एका दिवाळी अंकात.

ईडापीडा
आमच्या महाल भागातल्या मंडळाची पद्धत सांगतो. नागपूर बाहेरच्यांसाठी आधी थोडं: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे मारबत, म्हणजे मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. सोबत बडगे, म्हणजे आणखी पुतळे, असतात, त्यांच्या गळ्यात पाट्या लावून ज्याची त्याची खेचतात, पुढारी म्हणू नका महागाई म्हणू नका. आणि गर्दीत ओरडतात, घेऊन जा गे मारबत! सगळी रोगराई, ईडापीडा गावाबाहेर.

तर आम्ही त्या दिवशी शब्दांची मारबत काढतो. प्रत्येकाने स्वतःचा (दुसऱ्याचा नाही, हा नियम कडक आहे) एक झिजलेला शब्द कागदावर लिहून आणायचा, मोठ्याने वाचायचा आणि सगळ्यांनी मिळून ओरडायचं. पहिल्या वर्षी "प्राजक्ताचा सडा" गेला. मग "ओंजळ". "रिते रितेपण" आणणाऱ्याला तर खांद्यावर घेतलं. मी "काळोख" दिला आणि वर्षभर हाल झाले माझे, लाईट गेली तरी कवितेत "अंधार" लिहायचा. दंड म्हणून शब्द वापरला की सगळ्यांना सांबारवडी.

काळोखावर आत्तापर्यंत अकराशे रुपये गेले माझे.

एक वाचक
सगळे हसून राहिले आहेत म्हणून लिहायला जड जातंय, पण धागा खऱ्या अनुभवांचा आहे म्हणून लिहितो.

वडील गेले त्याच्या बाराव्या दिवशी रात्री लिहिलं होतं. कविता म्हणायची की नाही माहीत नाही, नऊ ओळी होत्या. पहिला प्रतिसाद आला, "स्मृति नाही, स्मृती. शेवटचा इकार दीर्घ असतो." बरोबर होतं, नियम तोच आहे. त्याखाली कोणीतरी विनोद केला की वडील असते तर कान पिळला असता. ते बिचारे चिडवत होते नेहमीसारखे, पुरतं वाचलं नसेल. मी काढून टाकली आणि दोन वर्षं काही लिहिलं नाही. त्यांचा राग नाही आता. पण थट्टेच्या आधी कविता वाचत जा रे बाबांनो, एवढंच.

एकच फोन आला होता तेव्हा. आवाज ओळखीचा नव्हता, आमच्यातलेच एक वयस्कर गृहस्थ. ते म्हणाले, "चौथ्या ओळीत चष्म्याचा उल्लेख आहे. तो आता कुठे ठेवलाय?" मी म्हटलं टीव्हीवर, त्यांनी ठेवला होता तिथेच, एक काडी उघडीच आहे. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "हे नाही लिहिलंस तू. दुःखानं वगैरे लिहिलंस." आणि ठेवला फोन.

गेल्या महिन्यात लिहिलं. चारच ओळी आहेत, आईला वाचून दाखवल्या. ती उठली, चष्मा पुसला आणि परत तसाच काडी उघडी ठेवून ठेवला.

कूलरची हवा
दादा, वाचलं. पूर्ण वाचलं.

लगागा
मीही. त्या चार ओळी टाकाल का इथे? नाही टाकल्या तरी चालेल.

एक वाचक
टाकीन. स्मृती शब्द नाही त्यात, काळजी नको 🙂

संत्राबर्फी
सगळ्यांचं वाचून माझी ती पावसाची कविता शोधून काढली आज. काकांचं ऐकून पाचाची तीन कडवी केली होती ना, ती ही बघा, नवीन रूपात टाकतेय. खरं खरं सांगा.

तर्री जास्त
ताई, दुसरं पण काढा.